फुलाला मार्च एंड कळत नाही

आज दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, सोमवारपासून नोकरीवर जातेय. कर्जवसुलीचं कॉल सेंटर आहे." मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं आणि तिकडे तिला रडू कोसळलं. तीन पावसाळे नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर काढलेली पोरगी आहे ही. आठ महिने संशोधनाचा स्टायपेंड नाही. विचारायला गेलं की एकच उत्तर, फाईल पुढे गेलीय. पुढे म्हणजे कुठे?

तिचं काम म्हणजे अंजनेरीवरची कंदीलपुष्पं मोजणं. 'सेरोपेजिया अंजनेरिका'. आपल्या डोंगराचं नाव मिळालेली ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरी लागली २००६ मध्ये. अंजनीमातेच्या दर्शनाला आपण पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगर चढतोय, आणि पायाखाली जगात दुर्मीळ असलेलं काही उगवतंय हे कळायला इतकी वर्षं लागली. तेही कुणीतरी वाकून बघितलं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिने मला वर नेलं होतं. धुकं, भुरभुर पाऊस, शेवाळलेल्या पायऱ्या. पठारावर पोचलो आणि ही एकदम ओल्या गवतात पालथीच झाली. मला वाटलं पडली! "मावशी, हलू नकोस, तुझ्या बुटाशेजारी आहे." बोटाएवढं फूल, खरंच कंदिलासारखं. तिने झाडाचं फूल तोडलं नाही. गळून पडलेलं एक उचललं, ब्लेडने उभं चिरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नळीत आतल्या बाजूला वळलेले बारीक केस. चिलट आत शिरतं, केसांमुळे माघारी येता येत नाही, तिथेच कोंडलं जातं. मग केस सुकतात आणि ते परागाच्या पुड्या घेऊन सुटतं. त्या फुलाच्या तळाशी एक चिलट होतं, मोहरीहून लहान. ती एक शब्द न बोलता वहीत लिहीत होती आणि वहीवर पाऊस पडत होता.

आता मला सांगा, हे फूल पावसाळ्यात काही आठवडेच दिसतं. पैसा येतो मार्चमध्ये, आणि 'एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवा' म्हणून वर तंबी. मार्चमध्ये अंजनेरीवर काय मोजायचं, वाळलेलं गवत? रस्त्याचं बिल उशिरा निघालं तरी रस्ता पुढच्या वर्षी होतो. चुकलेला मोसम कुठल्या पुरवणी मागणीत मिळतो?

खूप संताप आलाय, म्हणून लिहितेय.

मोजण्याला हसणाऱ्यांना गिधाडं आठवतात का? त्र्यंबकजवळ आजोबांच्या गावी मेलेलं जनावर टाकलं की आभाळ काळं व्हायचं. मग एकाएकी ती दिसेनाशी झाली. पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरला घरटी आधी मोजून ठेवली होती, म्हणून किती गेली ते तरी कळलं. मेलेल्या गिधाडांच्या पोटात चुन्यासारखा पांढरा थर, मूत्रपिंडं निकामी. कारण निघालं गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. २००४ मध्ये ते सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण तो शोध लागला पाकिस्तानात, परदेशी संस्थेच्या मदतीने. आपली गिधाडं मरत होती आणि उत्तर शेजाऱ्याकडून आलं! तोवर पांढऱ्या पाठीच्या शंभर गिधाडांतलं एखादं उरलं होतं.

कबूल आहे, सरकारने काहीच केलं नाही असं नाही. अंजनेरी संवर्धन राखीव झालं, नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. अनुदान घेऊन नुसते बसणारेही असतात, तेही मान्य. आणि दवाखाने, शाळा आधी, हे मला कुणी शिकवू नये. पण देशाचं उत्पन्न शंभर रुपये धरलं तर अणू, अवकाश, शेती, औषधं सगळं धरून संशोधनावर जातात साधारण ६४ पैसे. त्यात एका पोरीचा आठ महिन्यांचा पगार जड होतो?

कुंभमेळा तोंडावर आहे. घाट होतील, रस्ते होतील, व्हायलाच हवेत. मीही रामकुंडावर स्नानाला जाणार आहे. पण त्याच ब्रह्मगिरीच्या रांगेत गोदावरी उगम पावते, आणि त्याच रांगेतल्या एका फुलाची मोजदाद ह्या वर्षी तुटणार.

संध्याकाळी तिला परत फोन केला. जरा शांत झाली होती. वही कुठे आहे विचारलं, तर म्हणाली कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. तीन वर्षांचे आकडे आहेत, चौथा रकाना आखून ठेवलाय. मग म्हणाली, "मावशी, वर धुकं असेल आत्ता." मला पुढे काही बोलवेना.

रविवारी मी तिच्याबरोबर वर जातेय. तिला सुट्टी आहे, दिवसभरात जेवढं होईल तेवढं मोजू. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सहाला पायथ्याशी यावं. पाय फक्त पायवाटेवर ठेवायचा, आणि एकही फूल तोडायचं नाही.