एका ओळीत टेबल कॉपी? मग शून्य नंबरची बिलं कोण निस्तरणार?

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज असा: "मायएसक्यूएलमध्ये टेबल जसंच्या तसं कॉपी करायचंय? एकच ओळ. क्रिएट टेबल बिले_नवे ॲज सिलेक्ट * फ्रॉम बिले. मग जुनं ड्रॉप करा, नव्याला जुनं नाव द्या. कुठल्याही डेटाबेसमध्ये चालतं. वेगळ्या बॅकअपची गरज नाही." अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचं बिलिंग बघणाऱ्या भाच्याने तो पाठवून विचारलं, "मामा, आज रात्री उरकून टाकू का?" अजिबात नको.

"जसंच्या तसं" हे धादांत खोटं. रेकॉर्ड येतात, कॉलम येतात. प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्डची दुबार न होणारी ओळख) येत नाही, एकही इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) येत नाही. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच हे स्पष्ट लिहिलंय, पण फॉरवर्ड करण्याआधी मॅन्युअल उघडतो कोण! ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे पुढचा नंबर आपोआप देणारी सोय, तीही गळते आणि खरी गंमत तिथे होते. आयडीचा कॉलम उरतो, पण नॉट नल (रिकामा चालत नाही) आणि डिफॉल्ट शून्य (काही दिलं नाही तर शून्य) असा. सकाळी पहिलं बिल सेव्ह केलं की आयडी शून्य. दुसरं, तिसरं, तेही शून्य. प्रायमरी कीच नाही, त्यामुळे डुप्लिकेटची एररही येत नाही. बिलातल्या मालाच्या नोंदी आयडीनेच जोडल्या असतील तर एका गिऱ्हाइकाचे टॉवेल दुसऱ्याच्या बिलावर दिसणार. त्यातलं एक बिल दुरुस्त करायला गेलात तर शून्यवाली सगळीच बदलणार.

ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि फॉरेन की (दोन टेबलांतल्या नोंदी जोडणारा नियम) याही येत नाहीत. जुनं टेबल ड्रॉप केलं की त्याचे ट्रिगर त्याच्यासोबत गेले.

"कुठल्याही डेटाबेसमध्ये"? मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही ओळ चालतच नाही, तिथे सिलेक्ट इन्टू लागतं. आणि मूळ टेबल ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मायएसक्यूएलडम्प या टूलने बॅकअप फाइल काढून दुसरीकडे ठेवा.

एक मान्य करतो: धोक्याचा अपडेट चालवण्याआधी नुसता डेटा बाजूला ठेवायला ही ओळ बरी. पण त्या प्रतीला मूळ टेबलाच्या जागी बसवायचं नाही.

जागीच बसवायचं असेल तर आधी क्रिएट टेबल बिले_नवे लाइक बिले. याने प्रायमरी की, इंडेक्स, ऑटो इन्क्रिमेंट येतात. मग इन्सर्ट इन्टू बिले_नवे सिलेक्ट * फ्रॉम बिले. हे चालू असताना मूळ रेकॉर्डवर लॉक लागतात (तोवर त्यांत बदल करता येत नाही), म्हणून काउंटर बंद झाल्यावरच करा. दोन्हीकडचा रेकॉर्डचा काउंट जुळवा, शो क्रिएट टेबल या कमांडने दिसणारी दोन्ही टेबलांची रचना शेजारी शेजारी ठेवून बघा. फॉरेन की आणि ट्रिगर हातानेच घालावे लागतात. शेवटी एकाच कमांडमध्ये: रिनेम टेबल बिले टू बिले_जुने, बिले_नवे टू बिले. दुसऱ्या टेबलांच्या ज्या फॉरेन की बिलेकडे होत्या, त्या आता बिले_जुनेकडे बोट दाखवतात. त्या काढून नव्याने जोडा. आणि महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत बिले_जुनेला हात लावू नका.