क्लिक विकत घ्या, आंबे घरी खा

परवा माझ्या गूगलवरच्या ॲड बघणाऱ्या एजन्सीचा सीझनचा रिपोर्ट आला. सव्वीस पानं, रंगीत, पहिल्या पानावर माझ्याच बागेचा फोटो. तिसऱ्या पानावर हिरव्या चौकटीत आकडा: १,११२ कन्व्हर्जन्स. म्हणजे ॲडवर क्लिक करून आलेल्यांपैकी १,११२ जणांनी आमच्या वेबसाइटवर 'अपेक्षित कृती' केली. मी आंबे विकतो, तेव्हा माझी अपेक्षा काय असणार? मी वही काढली. वहीत ऑर्डरी अकरा.

त्या अकरा ऑर्डरींच्या अनुभवावर आता मी इतरांना सल्ला द्यायला पात्र झालो आहे असं समजतो. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे आणि ज्यांना गूगलवर पैसे देऊन गिऱ्हाईक आणायचं आहे, त्यांनी पुढचं सगळं मनापासून पाळावं.

सल्ला पहिला. 'आंबा' हा एकच शब्द घ्या आणि मोकळा सोडा. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दावर ॲड लावायची तो, मोकळा सोडला, इंग्रजीत ज्याला ब्रॉड मॅच म्हणतात तसा, की आसपासच्या अर्थाचं कोणी काहीही शोधलं तरी तुमची ॲड पुढे येऊ शकते. जग किती विशाल आहे ते तेव्हा कळतं. माझ्या पैशाने माझ्या साइटवर कोण कोण येऊन गेलं, त्याची यादी मी नंतर बघितली. 'आंबा घाट रिसॉर्ट स्विमिंग पूल'. 'आंबे हळद चेहऱ्याला कशी लावावी'. 'आंबेमोहोर तांदूळ दर'. 'मँगो मस्तानी जवळपास'. इंग्रजी 'मँगो'वरून जीन्स शोधणाऱ्या मुली, कारण त्या नावाचा स्पेनमधला कपड्यांचा ब्रँड आहे. 'अल्फान्सो'वरून कॅनडाच्या एका फुटबॉलपटूचे चाहते. आणि सगळ्यात जास्त, 'आजचा वाशी मार्केट हापूस भाव'. हे कोण शोधतं? माझ्यासारखाच बागायतदार शोधतो. म्हणजे रत्नागिरीतल्या एखाद्या बागवाल्याने भाव बघायला फोन उघडला आणि देवगडातल्या मी त्याच्या एका क्लिकचे चौदा रुपये भरले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला मदत करावी म्हणतात, ती अशी होते.

नको असलेले शब्द आधीच कळवून ठेवायची सोय असते. रिसॉर्ट नको, हळद नको, रोपं नकोत, रेसिपी नको. ती अजिबात वापरू नका. अर्ध्या तासाचं काम आहे, उगाच कशाला.

सल्ला दुसरा. ॲड सुरू झाली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

मी टाकलं होतं. 'आपली ॲड लागली आहे, सर्वांनी गूगलवर बघावी.' ग्रुपवर चौतीस जण. सगळ्यांनी बघितली, नुसती बघितली नाही, दाबून बघितली. पुतण्याने कॉलेजातून, मेव्हण्याने बँकेतून. अंगठे आले, हार आले, फटाके आले. चौतीस गुणिले चौदा, चारशे शहात्तर रुपये, एका दुपारचं कौतुक. ठाण्याची आत्या तर पुढे रोज देवपूजा आटोपली की ॲड आहे ना याची खात्री करायची. मी तिला म्हटलं, अगं आत्या, दाबलं की माझे पैसे जातात. तर म्हणाली, 'अरे, मी काही विकत घेत नाही, नुसतं बघते.'

सारख्या होणाऱ्या संशयास्पद क्लिकांचे पैसे कापत नाहीत म्हणतात. आत्या संशयास्पद नाही. आत्या दिवसातून एकदाच दाबते.

सल्ला तिसरा. वेबसाइट जड ठेवा. माझी मोबाइलवर अकरा सेकंदांत उघडते आणि फोन नंबर फोटोत छापलेला आहे, दाबला तरी लागत नाही. क्लिकचे पैसे मात्र पहिल्या सेकंदालाच लागलेले असतात.

सल्ला चौथा. रोजचं बजेट ठरवून निवांत झोपा. मी हजार ठरवलं होतं. नियमात सरळ लिहिलेलं आहे की एखाद्या दिवशी ठरवल्याच्या दुप्पट खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशोब ३०.४ दिवसांच्या सरासरीने जुळवला जातो. तेवढं वाचायला कोण बसतो? फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर आपण भिंग लावून वाचतो, हे नाही वाचत. तर माझे दोन हजार एका शनिवारी गेले. रविवारी आमची पार्सलची गाडी येत नाही. वर १८ टक्के जीएसटी, तो सोमवारीही येतो.

सल्ला पाचवा जरा मोठा आहे, कारण यात रक्त आटलं आहे. कॅम्पेन उघडताना जिथे जिथे आधीच टिकमार्क केलेला असेल तिथे हात लावू नका. आधीच टिक केलंय म्हणजे कोणीतरी विचार करूनच केलं असणार. एक टिक असते ठिकाणाची. तुम्ही मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक निवडता आणि वाटतं की झालं. नाही झालं. खाली घडी घातलेल्या पर्यायात 'या ठिकाणी असलेले किंवा या ठिकाणात रस असलेले' असं असतं. रस! मुंबईत रस कोणाला नाही? लखनौच्या माणसाला आहे, दुबईच्या आहे, न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी भावाला तर आंब्याच्या दिवसांत मुंबईत इतका रस असतो की विचारू नका. त्यांनी क्लिक केलं. न्यू जर्सीला मी एक डझन कसा पाठवू? २००७ पासून अमेरिकेत आपला आंबा जातो हे खरं, पण तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण होऊन, कागदपत्रं होऊन जातो. आमच्या पार्सलच्या टेम्पोतून जात नाही.

दुसरी टिक याहून भारी. शोधणाऱ्यांना ॲड दाखवायची म्हणून तुम्ही पैसे भरता आणि एका चौकोनामुळे तीच ॲड इतर साइटवर, ॲपमध्ये, कुठे कुठे फिरायला निघते. माझी कुठे गेली होती? टॉर्चच्या ॲपमध्ये. रिंगटोनच्या ॲपमध्ये. आणि एका फुगे फोडायच्या गेममध्ये. डोळ्यांसमोर आणा. कुठेतरी एक आई भाकऱ्या थापते आहे, पोरगं रडतंय म्हणून तिने फोन दिला आहे, ते तीन वर्षांचं पोर फुगा फोडायला बोट नेतं आणि फुग्याच्या खाली माझा हापूस आहे. बोट लागलं. गेले पैसे. पोराला हापूस हवा होता का? त्याला फुगा हवा होता हो! दिवसभर, महाराष्ट्रभर, पोरं फुगे फोडत होती आणि मी इथे उन्हात आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाखाली उभा राहून विचार करत होतो की दीडशे क्लिक झाले, फोन का वाजत नाही. एजन्सीवाल्याला विचारलं, तर म्हणे, 'सर, ब्रँड अवेअरनेस होतोय.' तीन वर्षांच्या पोराला माझ्या ब्रँडची जाणीव होते आहे! मोठं झालं की घेईल!

असो. सल्ला कितवा झाला?

तुमच्या स्वतःच्या नावावरही बोली लावा. डोंबिवलीचे एक जोशीकाका नऊ वर्षं आमच्याकडून आंबे नेतात. ते दरवर्षी गूगलवर आमच्या बागेचं नाव टाकतात. पूर्वी खाली आमची साइट दिसायची, फुकट उघडायची. आता तिच्या डोक्यावर माझीच ॲड. काका वरचं दाबतात. जुनं गिऱ्हाईक मी विकत घेतलं. अकरा ऑर्डरींतली एक ती. रिपोर्टात ते 'नवीन ग्राहक' आहेत.

बोलीचं म्हणाल तर आपल्याला लिलाव नवा नाही. वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरलेले आपण ऐकलेत, काहींनी बघितलेत. तिथे निदान रुमाल दिसायचा. इथे कोणीतरी 'देवगड हापूस' टाइप करतो आणि पान उघडायच्या आत लिलाव होऊन जातो. क्लिकप्रमाणे जागा विकायची ही युक्ती १९९८ साली कॅलिफोर्नियात गोटू डॉट कॉम नावाच्या कंपनीने चालवली. गूगलने २००० मध्ये ॲडवर्ड्स काढलं, २००२ मध्ये त्यात क्लिकची बोली आणली आणि २०१८ मध्ये त्याचं नाव गूगल ॲड्स झालं. त्याच २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले. आता माझ्या गावाचं नाव शोधल्यावर वर यायला मी बोली लावतो आणि माझ्याही वर एकजण असतो, ज्याचा आंबा कुठून येतो ते सगळ्या टेम्पोवाल्यांना माहीत आहे. लिलावात बोली बघतात, ॲडचा दर्जा बघतात, पान कसं आहे ते बघतात. पेटीत काय आहे ते बघत नाहीत.

शेवटचा सल्ला. खर्चावर टक्केवारी घेणारी एजन्सी नेमा. माझी १५ टक्के घेते. जितका खर्च जास्त तितकं तिला जास्त, म्हणजे काळजी ती तुमच्यापेक्षा जास्त घेणार.

आता ते १,११२. मी एजन्सीवाल्याला फोन केला, म्हटलं, कन्व्हर्जन म्हणजे काय धरलंय? बराच वेळ कीबोर्डचा आवाज. मग उत्तर आलं: 'सर, युजर दहा सेकंद साइटवर थांबला की आपण एक धरतो.' दहा सेकंद! माझी साइट पूर्ण उघडायलाच अकरा लागतात! माणूस पांढऱ्या पानाकडे बघत बसला, याची ऑर्डर झाली? बागेत याला साका म्हणतात. वरून फळ पिवळंधमक, वास सुटलेला, सुरी घातली की आत पांढरा, आंबट, रबरासारखा गर. बाहेरून कळत नाही, कापावाच लागतो. तुझी सव्वीस पानं मी कापली, बाबा.

त्रेचाळीस हजार गेले. अकरा ऑर्डरी, त्यातली एक जोशीकाकांची. दोन हजारांचा बॉक्स विकायला मी जवळपास चार हजार घातले, तुझी टक्केवारी वेगळी.

आणि तुम्ही, वाचून हसताय ना? तुमच्या खात्यात काय शोधून लोक येतात ती यादी कधी उघडलीत? नाही ना. पेटी घेताना वरचा थर उचलून खालचे आंबे दाबून बघता, गवत बाजूला करून देठ बघता, एक मऊ लागला तर दुकानदाराशी भांडता. इथे महिन्याला हजारो रुपये जातात आणि तुम्ही हिरव्या चौकटीतला आकडा बघून रिपोर्ट बंद करता. मीही तेच केलं, दोन महिने. गाढवपणा माझा आहे, तो मी भोगला. तुमचा तुम्ही आजच उघडून बघा, शोधलेले शब्द, ठिकाणं, कुठल्या ॲपमध्ये ॲड लागली ते, आणि कन्व्हर्जन म्हणजे नक्की काय मोजलंय ते.

पण ते बघायला खातं आपल्या नावावर लागतं. माझं नाही. एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर उघडलं, ती शोधशब्दांची यादी मी तीनदा मागितली तेव्हा फोटो काढून पाठवली, अर्धी. आठ दिवस झाले ॲक्सेस मागतोय. 'सर, पॉलिसी आहे.' काल पुन्हा निरोप आला, गणपतीत आंबापोळीची कॅम्पेन करू, आत्ता बुक केलं तर सेटअप फ्री.

आंबापोळी नंतर. कार्ड माझं घासलंय, पैसे माझे गेलेत, त्या खात्यातली प्रत्येक ओळ माझी आहे. ॲक्सेस दे.