‘रडकी गाणी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, आखाजीच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, “कापसाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, माणसं आधीच खचलेली. त्यात तुम्ही सासुरवासाची रडगाणी गोळा करून लोकांना आणखी खचवता. हंगेरीतल्या त्या गाण्याने किती जीव घेतले ते वाचा. माझा मुलगा रात्ररात्र हेडफोन लावून असलंच काहीतरी ऐकतो. लेख काढून टाका.”

लेख मी काढणार नाही. पण तुमचं शेवटून दुसरं वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आखाजी तुम्ही माझ्याइतकीच पाहिली असणार. सकाळी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, गेलेल्या माणसांच्या नावाने आगारी, म्हणजे विस्तवावर नैवेद्याचा घास, टाकायची. आणि त्याच दिवशी दुपारी निंबाला दोर बांधून माहेरवाशिणींचे झोके. गाणी कसली? दळण संपत नाही, सासू बोलते, माहेरी न्यायला येणारा मुराळी भाऊ अजून दिसत नाही. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती पुरी करायची, आणि सगळ्यात दुखऱ्या ओळीला झोका सगळ्यात उंच. सासरबद्दल माहेरी चकार शब्द न काढणारी बाई तिथे सगळ्या गल्लीसमोर सासूच्या नावाने खडे फोडते आणि खाली उतरून हसत पुरणाच्या पोळ्या करायला जाते. तिला त्या गाण्याने खचवलं असं मला कधीच दिसलं नाही. ते दुःख आधीपासून तिच्यात होतं; गाण्यामुळे ते दहाजणींच्या तोंडी गेलं. वर्षातून एकदा मिळणारी ही जागा आपण ‘रडकी’ म्हणून बंद करायची का?

आपल्या असोद्याच्या बहिणाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुसलेल्या कुंकवाचं गाणं त्यांनी केलं आणि शेताचं, पाखरांचंही केलं. दोन्ही एकाच गळ्यातली. १९५१ साली त्या गेल्यावर, पुढच्या वर्षी ही गाणी पुस्तकात आली आणि आजवर खान्देशात घरोघरी म्हटली जातात. त्यातली दुःखाची तेवढी बाजूला काढा म्हटलं तर कोण ऐकेल?

हंगेरीचं गाणं म्हणजे ‘ग्लूमी संडे’, रेझो शेरेश यांनी १९३३ च्या सुमारास चाल दिलेलं. त्याने जीव घेतल्याच्या गोष्टी जगभर फिरल्या, पण एकही मृत्यू त्या गाण्यामुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. बीबीसीने अमेरिकन गायिका बिली हॉलिडेच्या आवाजातलं हे गाणं १९४१ मध्ये वाजवायचं थांबवलं, ते युद्धकाळात लोकांचं मनोबल खचू नये म्हणून. ती बंदी २००२ मध्ये उठली.

लीला तारुफी आणि स्टेफान कोल्श या संशोधकांनी २०१४ मध्ये ७७२ जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दुःखी संगीत ऐकताना काय वाटतं, याला सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर दुःख हे नव्हतंच. जुन्या दिवसांची ओढ वाटते, असं बहुतेकांनी सांगितलं. मन बिघडलेलं असताना ते सावरायलाही लोक अशी गाणी लावतात.

पण तुमची काळजी खोटी नाही. सँड्रा गॅरिडो आणि एमरी शुबर्ट यांच्या अभ्यासात असंही दिसलं, की ज्यांना एकच विचार मनात घोळवत बसायची सवय असते, त्यांना अशा गाण्यांनंतर जास्तच वाईट वाटू शकतं. झोक्यावरची बाई दहाजणींत गाते. तुमचा मुलगा रात्री एकटा ऐकतो. मला धाकधूक वाटते ती या एकटेपणाची.

म्हणून हेडफोन हिसकावू नका. शेजारी बसा आणि “मलाही एक ऐकव” म्हणा. ऐकून झाल्यावर लगेच उपदेश नको. तो झोपतो का, जेवतो का, मित्रांत जातो का, पूर्वी आवडायचं त्यात रमतो का, हे बघा. दोन आठवडे हे सगळं बिघडलेलंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाची भाषा काढली तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा त्यांना विचारू शकता, मुलालाच बोलायला लावलं पाहिजे असं नाही.

तो काय म्हणाला ते मला कळवा. इथे सगळ्यांसमोर नको वाटलं तर मेल करा, मी वाट पाहते.