सायरन वाजला नाही म्हणजे पूल सेफ? कुणी सांगितलं?

आमच्या आतेभावाचा दुधाचा टेम्पो आहे, भर पावसातपण रोज पहाटे पंचगंगा ओलांडून कोल्हापुरात येतो, आणि काल त्यानंच फॅमिली ग्रुपवर हे टाकलं: "आता पुलांना सेन्सर असतात, पूल पडायच्या आधी सायरन वाजतो. वाजला नाही म्हणजे पूल सेफ, पुरातपण बिनधास्त जावा. तपासणीची गरज संपली. फक्त सेन्सरच्या लहरींनी काँक्रीट ठिसूळ होतं." खाली लगेच अंगठे.

लहरींचं आधी उरकतो. पुलावरचा नेहमीचा सेन्सर स्ट्रेन गेज, म्हणजे चिकटवलेली पातळ पट्टी, खालचं लोखंड ताणलं की तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो, तो मोजायचा. काँक्रीटला काही होत नाही.

जीव घेणारा मुद्दा सायरनचा आहे. सेन्सर जिथं चिकटवलाय तिथलंच सांगतो, सगळ्या पुलाचं नाही. अमेरिकेत मिनियापोलिसचा मोठा पूल १ ऑगस्ट २००७ ला पडला, १३ माणसं गेली. तिथल्या एनटीएसबीचा (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) रिपोर्ट सांगतो की सांध्यावरच्या गसेट प्लेटा (लोखंडी तुळया जोडणारे पत्रे) डिझाइनमध्येच पाहिजे त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या, त्यात दुरुस्तीचं सामान पुलावर रचलेलं, आणि २००३ च्या फोटोतच त्या प्लेटा वाकलेल्या दिसतात. पडायला काही सेकंद लागले. सेकंदात कुठला सायरन आणि कुठला ब्रेक?

पुरात तर अजून वाईट. पाण्याचा जोर पिलरच्या पायाखालची माती-वाळू ओढून नेतो, आणि वर डेकला (गाड्या चालतात त्या भागाला) लावलेल्या गेजला पिलर हलेपर्यंत त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी पाण्यात सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ मोजणारं यंत्र), पिलरवर टिल्टमीटर (पिलर कलला तर सांगणारं यंत्र) असं वेगळं लावावं लागतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलेलं आपण बघितलंय, तसल्या पाण्यात बिनधास्त जावा म्हणून कसं काय लिहिवतं?

तपासणीबद्दल एवढं मान्य की नुसत्या नजरेनं भागत नाही. महाडचा सावित्रीवरचा पूल २०१६ च्या मे महिन्यात बघून ठीक ठरवला होता, २ ऑगस्टच्या रात्री पुरात गेला, दोन एसट्यांसकट. सेन्सर पाहिजेतच, हळूहळू होणारा बदल तेच पकडतात. पण मिनियापोलिसच्या नव्या पुलात ३०० च्या वर सेन्सर आहेत, तरी तिथं माणसं जाऊन तपासणी करतातच.

भावा, मेसेज डिलीट कर, आणि बॅरिकेड दिसलं की टेम्पो मागं फिरव. दूध नासलं तर नासू दे.