उताणे, पालथे, कुशीवर आणि इतर

लग्नाला बावीस वर्षं होत आली, पण चारचौघांत नवऱ्याशेजारी आडवं पडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. तीही भर दुपारी, डोंबिवली पूर्वेला, मोठ्या काचेच्या दुकानात. बाहेर रिक्षाच्या रांगेत उभी असलेली माणसं आत बघत होती. मी पर्स छातीशी घट्ट धरून पडले होते.

"मॅडम, रिलॅक्स. घरी झोपता तशा झोपा," सेल्समन म्हणाला. असेल तेवीस-चोवीसचा. घरी मी कशी झोपते हे त्या पोराला दाखवायची माझी अजिबात तयारी नव्हती. मी शवासन धरून राहिले.

"सर, तुम्ही कोणत्या टाइपचे स्लीपर?"

"स्लीपर नाही, आम्ही थ्री टियर एसीनेच जातो," नवरा म्हणाला, आणि पालथा होऊन, एक पाय गुडघ्यात वाकवून गादीबाहेर काढून दोन मिनिटांत घोरायला लागला. त्याला कुठेही झोप लागते. तीस वर्षं सीएसटी लोकलने जाणाऱ्या माणसाला गादी लागतेच कशाला, हा खरा प्रश्न होता.

पण त्याची पाठ धरली होती. जानेवारीत एका सकाळी तो बेसिनवर दात घासायला वाकला आणि तसाच राहिला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि विचारलं, "गादी कसली आहे?"

गादी कापसाची. 2003 च्या मे महिन्यात माझ्याबरोबर माहेराहून आलेली. आईने अंगणात पिंजारी बसवून ती समोर भरून घेतली होती. दिवसभर त्याच्या धनुकलीची टंय टंय चालू होती, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या भुवया, आमची तुळस आणि बाबांचा चहा, सगळ्यांवर सारखाच कापूस. पहिली काही वर्षं गादी ढगासारखी होती. मग कापूस कडेकडेला सरकला, गोळे झाले आणि मधोमध दरी पडली. दोन बाजूंना झोपलेली माणसं रात्रीत घरंगळत मध्ये येत. सुरुवातीला याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पंधराएक वर्षांनी व्हायला लागली. मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकून काठीने बडवली की चार दिवस ती शहाण्यासारखी वागायची. पुन्हा पिंजून घ्यावी, तर दारावर पिंजारी यायचे कधीच बंद झालेले.

"मीडियम फर्म घ्या," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याला हे पटेना. पाठ दुखली की फळीवर झोपायचं, असं त्याच्या घराण्याचं शास्त्र. त्याच्या एका काकांनी फळीवर तीन वर्षं काढली. पाठ होती तशीच राहिली, काकू तेवढ्या दुसऱ्या खोलीत गेल्या.

मग चिरंजीवांनी शोध लावला. ते अकरावीत आहेत, म्हणजे अभ्यास सोडून सगळं वाचतात. आमचं लग्न झालं त्याच वर्षी, 2003 मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक पाहणी छापून आली होती. कंबरदुखीच्या 313 रुग्णांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि 90 दिवसांनी विचारलं. मध्यमवाल्यांची कंबर जास्त सुधारली होती. म्हणजे माझी आई अंगणात कापूस पिंजून घेत होती, तेव्हा तिकडे स्पेनमध्ये या प्रश्नाचा निकाल लागत होता. तो डोंबिवलीला पोचायला बावीस वर्षं लागली. मध्य रेल्वेच्या मानाने ठीक आहे.

आता मध्यम म्हणजे किती? त्या पाहणीच्या मोजपट्टीत 1 म्हणजे दगड आणि 10 म्हणजे लोणी. कडक गादी 2.3 वर, मध्यम 5.6 वर. सेल्समनच्या पट्टीवर मात्र 10 म्हणजे दगड आणि 1 म्हणजे लोणी, आणि तो दाखवत असलेली ‘हायब्रिड’ गादी साडेसहावर होती. चिरंजीव दुकानातच मोबाइलवर हिशोब करायला बसले. मी दोन्ही पट्ट्या सोडून दिल्या. सासूबाईंना बरोबर आणलं होतं ते याचसाठी.

सासूबाईंनी आडवं पडायला साफ नकार दिला. "या वयात दुकानात झोपू होय?" म्हणाल्या. त्या गादीच्या काठावर बसल्या आणि अंगठा खोल दाबून उचलला. खळगा पडला आणि हळूहळू, विचार करत भरून आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा बघितलं. चेहऱ्यावर होळीच्या आदल्या रात्रीचे भाव.

"ही फुलक्यांची कणीक नव्हे. पुरणपोळीची. चांगली तिंबलेली आहे."

"आजी, तो मेमरी फोम आहे. नासाने अंतराळवीरांसाठी बनवला," सेल्समन उत्साहाने म्हणाला.

"तिथे तर सगळे तरंगत असतात म्हणे. त्यांना गादी कशाला?"

सेल्समनचं पाठांतर इथे संपलं. चिरंजीवांनी खुलासा केला, की 1966 मध्ये नासासाठी हा फोम केला तो विमानातल्या आसनांकरता, बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून. सासूबाईंचं समाधान झालं. "मग हायब्रिड का म्हणतो हा? हायब्रिड ज्वारीची भाकरी खाल्लीये आम्ही. दाणा टपोरा, चव काही नाही."

फोम आणि स्प्रिंग दोन्ही, म्हणून हायब्रिड, असं म्हणत त्याने काउंटरखालून गादीचा कापलेला तुकडा काढला. पेस्ट्रीसारखा. वर दोन-तीन थर फोमचे, खाली स्प्रिंगांची रांग, आणि प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पांढऱ्या कापडी पिशवीत शिवलेली. जुन्या स्प्रिंगच्या गाद्यांत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, एक दबली की शेजारच्या चार ओढल्या जातात. इथे प्रत्येकीचा संसार वेगळा. त्याने गादीच्या एका टोकाला पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसऱ्या टोकाला, जिथे नवरा घोरत होता तिथे, धपाधप बुक्के मारले. ग्लास हलला नाही. नवराही हलला नाही, पण ते गादीचं श्रेय नव्हे.

"पार्टनर रात्री उठला, कूस बदलली, तुम्हाला कळणारसुद्धा नाही, मॅडम!"

"म्हणजे शेजारचा पडला-झडला तरी हिला पत्ता नाही," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी हसले होते.

पोराला विषय ठाऊक होता, हे मात्र मान्य करायला हवं. उताणं झोपणाऱ्याला कंबरेच्या कमानीखाली आधार हवा, तो ही गादी देते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि नितंब थोडे आत जायला हवेत, नाहीतर कणा धनुष्यासारखा वाकतो. पालथ्या माणसाचं गणित उलटं, त्याचं पोट आत गेलं की कंबर मोडते, त्यामुळे त्याला जरा कडकच बरी. आणि हे सगळं वजनावर. तीच गादी जड माणसाला मऊ लागते, हलक्याला कडक. "सरांचं वजन?" त्याने विचारलं. नव्वद, मी सांगितलं. "आणि मॅडम, तुमचं?" मी विचारलं, ही गादी 75 बाय 60 इंचांत आहे का?

या हिशोबाने आमच्या घरची यादी अशी झाली: सासूबाई उताण्या, हात पोटावर, रात्री ठेवलं तसंच पहाटे पाचला उचलावं. नवरा पालथा. मी कुशीवर. चिरंजीव घड्याळाच्या लहान काट्यासारखे. रात्री दहाला डोकं उशीवर असतं, पहाटे चारला उशीवर पाय. एरवी ते हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, पण एसी एकच आणि तो आमच्या खोलीत, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात सगळे प्रकार एकाच छताखाली. गादी एका माणसाची झोप बघून विकतात. झोपतो मात्र आम्ही एकत्र कुटुंबपद्धतीने.

32,000 रुपये, दहा वर्षांची वॉरंटी आणि शंभर रात्री वापरून बघायची मुभा. नाही आवडली तर परत. फक्त डाग पडता कामा नये.

चार दिवसांनी गादी आली ती खोक्यात, गुंडाळून, हवा काढून, वळकटीसारखी. लिफ्टमध्ये उभी राहून. पलंगावर ठेवून प्लास्टिक कापलं तशी फुस्स करून तेलात सोडलेल्या पुरीसारखी टम्म फुगली. घरभर नव्या रबराचा वास. दोन दिवस तिच्यावर झोपायचं नव्हतं, म्हणून आम्ही चौघं हॉलमध्ये सतरंजीवर आणि बत्तीस हजारांची गादी आत पंख्याखाली एकटी.

दहा इंच जाडीचं दुकानात काही वाटलं नव्हतं. घरी सासूबाई पलंगाच्या काठावर बसल्या तर पाय जमिनीला लागेनात. स्वयंपाकघरातला पाट पायाखाली आला. सोलापुरी चादर एका बाजूने खोचली की दुसऱ्या बाजूने बाहेर. पलंगाखालच्या कप्प्यात रजया, पाहुण्यांची ताटं आणि चिरंजीवांचं पहिलीपासूनचं प्रगतिपुस्तक आहे, पण गादी इतकी जड की फळी उचलायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागतं. तेव्हापासून पाहुणे केळीच्या पानावर जेवतात. त्यांना वाटतं आम्ही हौशी आहोत.

पहिले तीन आठवडे माझा खांदा रात्री दोनला मला उठवत असे. हाताला मुंग्या. पुरणपोळीची कणीक वरवर होती, आतली स्प्रिंग अजून ओळख द्यायला तयार नव्हती. मग हळूहळू सैलावली, किंवा मी सैलावले. उकाड्यात फोमवर पाठ तापते, पण खालच्या स्प्रिंगांमधून हवा खेळते त्यामुळे अगदी कढईत पडल्यासारखं होत नाही. आणि काठ खरोखर पक्का. सासूबाई दुपारी तिथेच बसून गवार मोडायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू, समोरच्या वहिनी, सोसायटीच्या सेक्रेटरीबाई, एकेक जण ‘बघायला’ येऊन काठावर बसून चहा पिऊन गेली. एक थेंब सांडला नाही. मी प्रत्येक कपाखाली बशी धरून उभी होते.

नवऱ्याची पाठ? पाडव्यापर्यंत बरी झाली. मोजे वाकून घालायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेली कुशीवर झोपायची सवय काही लागली नाही, गुडघ्यांमध्ये ठेवायची उशी पहाटे दाराशी सापडायची. पण पाठ दुखत नव्हती. आणि मी बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग झोपत होते. तो कधी येतो, कधी वळतो, काही कळत नव्हतं. मी माहेरी फोन करून करून सांगितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. त्याला मधुमेह आहे. गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा तो आकडा जानेवारीत 6.7 होता. आता 7.9.

"हे कसं?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मलाही कळेना. साखर बंद, भात मोजून, सकाळी फिरणं. त्यांनी विचारलं, "रात्री उठून काही खातात का?"

"छे! मला कळलं असतं," मी म्हणाले.

आणि तिथेच, खुर्चीत, मला तो पाण्याचा ग्लास दिसला. न हललेला.

जुन्या गादीत तो नुसता श्वास घेऊन उठायच्या बेताला आला की मी दरीच्या दुसऱ्या बाजूने वर यायचे. "कुठे निघालात?" झोपेतच विचारायचे. "पाणी प्यायला," म्हणायचा, आणि खरंच पाणीच पिऊन यायचा बिचारा. बावीस वर्षं त्या कापसाने त्याची साखर सांभाळली होती. आता प्रत्येक स्प्रिंग आपल्या पिशवीत गप्प. तिळाच्या वड्यांपासून पाडव्याच्या श्रीखंडापर्यंत काय काय कमी होत गेलं होतं, आणि मी चिरंजीवांना बोलत होते.

अठ्ठ्याण्णवावी रात्र होती. मी परतीचा फॉर्म उघडला. कारण निवडा: खूप मऊ, खूप कडक, गरम होते, इतर. ‘इतर’ दाबून मी लिहिलं, ‘नवरा उठतो ते कळत नाही.’ पुढच्या पानावर गादीचे चार बाजूंनी फोटो मागितले होते, चादर काढून. नवरा दाराशी उभा होता. "पाठ बरी झालीये गं माझी," हळूच म्हणाला. मी चादर ओढली.

त्याच्या बाजूला, उशीच्या जरा खाली, तळहाताएवढा केशरी डाग.

"चहा असेल," नवरा म्हणाला. "आईचा. नाहीतर त्या सेक्रेटरीबाईंचा."

सासूबाई पाटावरून उतरल्या. चष्मा लावला, वाकल्या, अंगठ्याने डाग दाबला. खळगा हळूहळू भरून आला.

"हापूस आहे," त्या म्हणाल्या. "पायरीचा डाग इतका गडद पडत नाही."