चार बंदुका आणि एक ठासणीची

बीडच्या सरपंच हत्येनंतर शस्त्रपरवान्यांवरून महाराष्ट्रात जे रान उठलं, ते आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून धुमसतंय. निमित्त बाबांच्या बंदुकीचं. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. बाबांनी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला की ती वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. धाकट्या भावाला तो करायचाय. पुण्याची ताई म्हणते, पोलिसांत जमा करा आणि कटकट संपवा. पुरावा म्हणून दोघंही अमेरिकाच पुढे करतात. तो म्हणतो, तिकडे बंदूक भाजीसारखी मिळते, कोणाचं काय अडलंय? ती म्हणते, तिकडे शाळेत पोरं मरतायत, तसं हवंय का तुम्हाला? अमेरिकेत मी राहतो. मला दोघांनीही विचारलं नाही.

चीड येते ती याची. इथे एक बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हे दोघांनी पाहिलेलं नाही. मी पाहतो, कारण सध्या मी माझी जुनी मार्लिन रायफल विकायला काढलीय आणि तिच्या जागी एक १८७३, म्हणजे त्या सालच्या विंचेस्टरच्या नमुन्यावर बनवलेली रायफल, शोधतोय.

ॲरिझोनात फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी ही नेमबाजीची रेंज आहे, राज्याच्या गेम अँड फिश खात्याची. तिथे मी काउबॉय ॲक्शन शूटिंग करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या धर्तीची हत्यारं, तसेच कपडे, जवळ उभी केलेली पोलादी लक्ष्यं आणि डोक्याशी धरलेला टायमर. हत्यारं चार लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा), एक जुन्या पद्धतीची शॉटगन आणि पिस्तुलाचं काडतूस चालणारी लिव्हर ॲक्शन रायफल, चापाखालची लिव्हर ओढून पुढचं काडतूस भरायची. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी १९८७ पासून या खेळाचे नियम ठरवते. प्रत्येक सभासद टोपणनाव घेतो. मी आमच्या वाडीचं नाव घेतलंय. निवृत्त इलेक्ट्रिशियन, नर्सबाई, ट्रकवाले ते आपापल्या परीने उच्चारतात आणि मला ते गोड लागतं.

या खेळात नव्यापेक्षा जुन्या रायफलीला जास्त मान आहे. पहिल्या मालकाने हजारो वेळा लिव्हर ओढून, आतले भाग घासून ती मऊ केलेली असते. इटलीतल्या उबेर्ती कंपनीने बनवलेली १८७३ कोणी चांगल्या कारागिराकडून हलकी करून घेतली असेल, तर ती नव्या कोऱ्या रायफलीपेक्षा महाग जाते. मार्लिनचं वेगळंच. नळीवर रिसीव्हरजवळ (नळी जिथे रायफलीच्या मधल्या सांगाड्यात बसते तिथे) जेएम हा बारीक ठसा दिसला की भाव चढतो, कारण ती कनेटिकटमधल्या जुन्या कारखान्यातली. २००७-०८ मध्ये कंपनी रेमिंग्टनकडे गेली, कारखाना हलला, जुने हात सुटले आणि पुढच्या काही वर्षांच्या मालावर गिऱ्हाईक नाराज झालं. २०२० मध्ये ती रुगरने घेतली. माझ्या मार्लिनवर जेएम आहे, आणि ती विकताना माझा जीव तुटतोय.

परवा मॅच संपल्यावर एका म्हाताऱ्याने त्याची १८७३ दाखवली. टेबलावर मऊ फडकं अंथरलं, लिव्हर उघडी ठेवूनच रायफल माझ्याकडे दिली. मी आधी स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत ढवळाढवळ केलीय. मग नळीचं तोंड, कारण १८७३ पाठीमागून सहज साफ करता येत नाही. गज तोंडातूनच घालावा लागतो आणि वर्षानुवर्षं घासून कड झिजते. मग पितळी कॅरिअर, काडतूस नळीसमोर वर उचलणारा भाग. ही रायफल काडतुसाच्या लांबीबाबत फार हट्टी असते, म्हणून नकली काडतुसं भरून एकेक वर येतं का ते बघितलं. शेवटी लिव्हर अर्धवट मिटून चाप ओढला. चाप हलला नाही. वेगासाठी ती सेफ्टी काही जण निकामी करून टाकतात, अशी रायफल मी फुकट दिली तरी घेणार नाही. हे सगळं चालू असताना म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता. नळी कोणाकडे वळतेय, बोट कुठेय. रायफल त्याने घासाघीस न करता दीड हजार डॉलरला सांगितली, आणि वर म्हणाला की तुझं ॲरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स बघू, बिल दोघांच्या सहीचं करू.

ॲरिझोनाच्या कायद्याला यातलं काहीही नको असतं. दुकानातून घ्या, ४४७३ हा खरेदीदाराचा सरकारी फॉर्म भरा, एफबीआयकडून तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी होते. परराज्यातली रायफल असेल तर तीही परवानाधारक दुकानातूनच यावी लागते. पण एकाच राज्यातल्या दोन माणसांनी आपसात व्यवहार केला, तर तपासणीची सक्ती नाही. हे चूक आहे. शेजारच्या कोलोरॅडोने २०१३ पासून खासगी विक्रीलाही तपासणी लावलीय, ॲरिझोनानेही लावावी. मी हे रेंजवर बोलतो आणि काही जण तोंड फिरवतात. मुलीच्या शाळेतून लॉकडाऊन ड्रिलचा ईमेल येतो त्या दिवशी ताईचं म्हणणं माझ्या पोटात खड्डा पाडतं. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ती रायफल आमच्या खेळातल्यासारखी नव्हती, हे खरं आहे, आणि ते उत्तर अपुरं आहे हेही खरं आहे.

म्हणून धाकट्याला सांगतो, या देशाचा कायदा घेऊ नकोस. आपला या बाबतीत शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवानाधारकाने बंदूक विकण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली, लग्नात हवेत बार काढणं गुन्हा ठरवलं. माझा हा खेळ भारतातल्या सामान्य परवानाधारकाला खेळता येणार नाही. त्याची मला हळहळ नाही. नेमबाजी आपल्याकडे हवेत उभी नाहीये. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य घेतलं.

आपल्याकडे नाही ते त्या म्हाताऱ्याचे डोळे. कंबरेला पिस्तूल लावून रील काढणारा पुढाऱ्याचा माणूस आणि नाचणी राखायला रात्री मांगरात, शेतातल्या खोपीत, झोपणारा शेतकरी, कागदावर दोघंही परवानाधारक. निवडणूक लागली की बंदुका जमा. सरसकट नको, छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालय सांगून बसलंय, पण माणूस ओळखून छाननी करणार कोण? बाबा बंदूक खांद्याला अडकवून ठाण्यात जातात आणि त्या आठवड्यात डुकरं अख्खा वाफा उलटा करतात. ही चर्चा पुण्यात होत नाही. पुण्यात परवाना म्हणजे एक तर रुबाब, नाही तर गुन्हा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. ताईचं उत्तर आलं, "तुझ्याकडे तिथे चार आहेत, तू आम्हाला काय शिकवतोस?" धाकट्याने लिहिलं, "तू थंय रवतंस, तुका हयली डुकरां खंय म्हायत."

ताईचं लागलं नाही, धाकट्याचं लागलं. चार आहेत आणि त्या मी कष्टाने मिळवल्यात. एच-वन व्हिसावर होतो तेव्हा एरवी बंदूक घेता येत नव्हती, पण शिकारीचा परवाना काढून वाट काढणारे मित्र होते. मी ग्रीन कार्डपर्यंत थांबलो, कारण मला पळवाटेने आत शिरायचं नव्हतं. आज बेन एव्हरीवर मला ओळखणारी माणसं आहेत, माझ्या हातात भरलेली रायफल असताना जी शांतपणे माझ्या मागे उभी राहतात. वाडीतल्या पोरांनी मात्र मला फोटोतच पाहिलंय. बाबांनी मला बार ठासायला शिकवलं होतं, दारू किती, चिंधी किती, गज किती जोराने मारायचा. ते धाकट्यालाही शिकवलं. त्याने ते दर पावसाळ्यात वापरलं. मी ते इथे आणून खेळ केला. एवढं अंतर आमच्यात पडलंय आणि ते मला इथून मिटवता येत नाही.

बंदूक मला नकोय, मिळणारही नाही. पण अर्जासोबत बाकीच्या वारसांची ना-हरकत मागतात, आणि तो एक कागद माझ्याशिवाय पुरा होत नाही. माझा मी नोटरी करून गेल्या सोमवारी कुरिअरने पाठवला. ताई, तुझी सही राहिलीय. तू द्यावीस असं मला मनापासून वाटतं. धाकट्याच्या हातात ती बंदूक तू लहानपणापासून बघितलीयस. नळी त्याने कधी कोणाकडे वळवली का, एवढंच आठवून बघ आणि मग ठरव.