सत्तर रुपयांचा थकबाकीदार

सोसायटीच्या फलकावर माझं नाव लागलंय. टाकीसफाईची सूचना आणि हरवलेलं मांजर यांच्या मधोमध. 'थकबाकीदार सभासद', पुढे रक्कम: ७० रुपये. अक्षर मात्र वळणदार आहे.

बिल ४,००० रुपयांचं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी चेक पेटीत पडला. पेटी उघडते रविवारी, म्हणजे तीन दिवसांनी. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, उशिराला वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावता येतं, तेही सरळव्याज. तीन दिवसांचे होतात ६ रुपये ९० पैसे. पण खजिनदारांच्या सॉफ्टवेअरला दिवस कळत नाहीत, थेट महिनाच कळतो. म्हणून ७०. बरं, त्याच उपविधींत थकबाकीदार म्हणजे तीन महिने उलटूनही पैसे न भरणारा. तेवढं पान कमिटीने वाचलेलं दिसत नाही.

हे आकडे डोक्यात घोळत असताना तळमजल्यावरचे काका शेजारी येऊन उभे राहिले.

"होतं हो असं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "नोकरी गेली का?"

"नाही काका. सत्तर रुपये आहेत ते. नुसतं व्याज."

"म्हणजे मुद्दल फिटलं आणि व्याज राहिलं? सावकारीत असंच होतं. घरी माहितीये?"

"फलकावर लावलंय, काका. दूधवाल्यालाही माहितीये."

त्यांनी पाकीट काढलं, दोन नोटा वर ओढल्या, विचार केला, परत आत सारल्या. "फ्लॅट काढायचा असेल तर बाहेर बोलू नका. माझा भाचा बघतोय. आणि हो, ट्रान्सफरला, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना, कमिटी काहीही मागेल. प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही. देणगीच्या नावाखाली मागतील, द्यायचे नाहीत. उलट त्या पंचवीस हजारांत तुमचं हे देणं फिटेल."

"सत्तर रुपये?"

"तीनशे सत्तावन्न वेळा. वर दहा रुपये उरतील."

काकांचं गणित पक्कं आहे. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. दर वार्षिक सभेत त्यावर भांडून हरल्यावर त्यांनी वसुली सुरू केली: रोज संध्याकाळी लिफ्टने सातव्या मजल्यावर जातात, तिथे कुणाची चप्पल वाकडी आहे ते बघतात आणि लिफ्टनेच खाली येतात. पाण्याचे पैसे घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर लागतात हे कळलं, त्याच आठवड्यात बाल्कनीतला नळ काढून तिथे प्लग मारला. तुळशीला आता तांब्याने पाणी.

काकांवर हसता येतं. कमिटीवर येत नाही. सत्तर रुपयांसाठी फलक रंगवणाऱ्यांनी दुरुस्ती निधी कधी नियमाने गोळा केला? बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांच्या शिल्लकीसाठी, घ्यायचा असतो. २० लाखांच्या बांधकामाला १५,००० आणि ५,०००. पण 'मेंटेनन्स वाढला' म्हणून सभेत ओरडा होतो, निवडणूक जवळ असते, मग फ्लॅटमागे महिना पन्नास रुपयांवर समझोता. पुढे गच्ची गळली की वरच्या मजल्यावरच्यांना 'तुमचं तुम्ही बघा'. मोरी-संडासातली आतली गळती सभासदाची, हे खरं. पण गच्चीतून पाणी आलं आणि स्लॅबचं प्लास्टर गादीवर पडलं, तर ते काम सोसायटीचं. तिजोरीत खडखडाट असल्यामुळे हा नियम कुणाला आठवत नाही. शेवटी चार पावसाळ्यांनी एकरकमी पन्नास हजारांची नोटीस निघते, आणि तेव्हा ती सगळ्यात मोठ्याने वाचतात तेच ओरडणारे.

असो. मी पत्र लिहिलं. सेक्रेटरींनी ते घेतलं नाही. "पोच देता येणार नाही, तोंडी सांगा, कमिटीत ठेवतो." तक्रार कुठे न्यायची तेही उपविधींतच आहे. दंड जास्त लावला तर सर्वसाधारण सभा. जास्तीची वसुली झाली तर सहकार न्यायालय. सेक्रेटरीने पत्रच घेतलं नाही तर सोसायट्यांचा जिल्हा महासंघ. म्हणजे एका सत्तर रुपयांना तीन दारं.

ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. त्यांनी दावा केवढ्याचा विचारलं. मी रास्त सहा नव्वद वजा करून सांगितलं, त्रेसष्ट रुपये दहा पैसे.

"हजारांत ना?" ते म्हणाले.